हॉटेलचं धुणं

इटलीतल्या एका समुद्रकाठच्या गावात, बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या शेजारणी होत्या.

“एर्सिलिया, तुझ्या दोरीवर लेसच्या चादरी? लॉटरी लागली की काय?”

“माझ्या कसल्या, नोर्मा! समोरच्या त्या चिमुकल्या, महागड्या हॉटेलच्या. आधी म्हणाले, तुमचे परकर काढा, पाहुण्यांच्या समुद्राआड येतात.”

“आणि तू काढलेस?”

“काढले ना. मग पाहुणे कुरकुरले, वाळत्या धुण्याशिवाय गल्ली इटलीसारखी वाटत नाही. म्हणून माझ्याच दोरीवर यांनी कोऱ्या चादरी टांगल्या. पावसातसुद्धा काढत नाहीत मेले!”

“मग तुझे कपडे?”

“न्हाणीघरात कुबटतायत. काल चादरींचे फोटो काढून झाल्यावर एक पाहुणी मलाच विचारते, ‘आजी, या गल्लीत आता खरंच कुणी राहतं का हो?’”

“काय म्हणालीस?”

“म्हटलं, छे हो! चादरी राहतात.”