हवालदारांचा गृहप्रवेश

घर बांधून देणं सोपं असतं बरं का, माणूस आत घालणं अवघड! स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या निमगाव केतकीत ब्रह्मदेशाच्या लढाईवरून परतलेले एक हवालदार होते. घरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाजारतळावरच्या लिंबाखालीच राहायचे. एका थंडीत त्यांचा खोकला हटेना, तेव्हा माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, गाव हलवलं. कुणी वासे दिले, कुणी छपराला पाचट दिलं, आम्ही चिखल तुडवला, बायकांनी काटक्यांच्या भिंतींचा कूड लिंपला. एका खोलीचं घर उभं राहिलं.

नारळ फुटला, पण हवालदार उंबऱ्याशीच अडले.

"आत चला की," तात्या म्हणाले.

"न्हाय."

"का पण?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

सगळ्यांची तोंडं उतरली. मग तात्यांना शाळेतली कवायत आठवली. छाती फुगवून ते ओरडले, "हवालदार! क्विक मार्च!"

हवालदार ताडकन ताठ झाले आणि पाय आपटत आत गेले. आम्ही टाळ्या पिटल्या. पण थांबवायचा हुकूम काय, ते तात्यांना काही केल्या आठवेना.

"बास! अहो, बास की!"

धप्पकन आवाज झाला. मागचा ओला कूड फोडून हवालदार थेट परसात निघाले होते, मिशांपर्यंत चिखलानं माखलेले.

तात्यांनी कपाळावर हात मारला. हवालदारांनी वळून त्या भगदाडाकडे पाहिलं आणि खुशीत हसले.

"आता झोपतो हितं. मागनं निसटायला वाट नसंल, तर शिपायाला झोप लागत न्हाय, तात्या!"