वादळराणी मागून कशी दिसते?

साल १९९८. केसांना रंग लावून पार्लरमध्ये बसलेल्या आजींचे कान शेजारच्या खुर्चीकडे लागले होते. तिथे पार्लरवाल्या ताई आठ वर्षांच्या एका मुलीच्या डोक्यावर कार्टूनमधल्या वादळराणीचे केस उभारत होत्या, आणि मुलीची आई सारखी घड्याळ बघत होती.

"ताई, तिन्ही तुरे ताठ हवेत! एकदम वर!"

"अगं, केस आहेत ते, रॉकेट नाही."

"पाचला वेशभूषा स्पर्धा आहे हो. सकाळपासून डोकं खाल्लंय हिने."

"आतून तार घालते, म्हणजे राहतील उभे. पण ही बया मागून कशी दिसते?"

"मागून?"

"अगं, एवढ्या पिना लपवू कुठे?"

"ताई, ती कधी पाठ फिरवतच नाही!"

"मग तूही फिरवू नकोस."

"आणि स्टेजवरून उतरू कशी?"

"उलटी चालत!" आजींना राहवलं नाही.

"चालेल! आजी, तुम्ही पण या ना बघायला!"

"येते की! आधी माझं डोकं धुवा कुणीतरी."

मुलगी उलटी चालत परीक्षकांच्या टेबलावर आदळली, पण तुरे हलले नाहीत. पहिलं बक्षीस तिचंच. डोकं धुवायला उशीर झाल्याने आजींचे केस मात्र महिनाभर कोळशासारखे काळे राहिले. ताईंनी पुढे पार्लर भाचीला दिलं. आई अजून स्पर्धेतला तिचा फोटो येईल त्याला दाखवते. मुलगी आता स्वतःच कार्टून काढते. तिची नायिका दर भागात एकदा तरी पाठ फिरवते, आणि मागे पिनाच पिना दिसतात.