बाहेर येणारे बत्तीस

इंग्लंडात पार्लमेंटची राजाशी लढाई चालू असतानाची गोष्ट. वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटच्या दाराशी मी अर्ज घेऊन रांगेत होतो. माझ्यापुढे थॉमसिनबाई. परवानगीशिवाय प्रवचन छापलं म्हणून तिचा नवरा तुरुंगात होता.

“बाई, मागे सरा. तुमच्या नवऱ्याच्या सुटकेवर मतं मोजायची आहेत,” दरवान म्हणाला.

“एकोणीस दिवस उभी आहे, आता नाही सरायची. कशी मोजता?”

“सोडा म्हणणारे बाहेर येतात, नको म्हणणारे आत बसून राहतात.”

“मग दार सताड उघडा. अंगानं भरलेली माणसं आहेत, अडकतील.”

दार उघडलं. ती बोटांवर मोजू लागली.

“बत्तीस आले. आत किती?”

“एकतीस. सुटला तुमचा नवरा. आता घरी जा.”

“आधी हुकूम हातात द्या. आजच छापून लंडनभर वाटते.”

“छापणार कोण? तो तर अजून तुरुंगातच.”

“सात महिने छापखाना मीच चालवतेय.”