वामनरावांचं अंडं

अंड्यावरून माणूस जळतो म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही; पण तुम्ही आमच्या वामनरावांना पाहिलेलं नाही. धुळ्याच्या कचेरीत ते माझ्या शेजारी बसत. एकदा गोऱ्या साहेबांनी त्यांना न्याहारीला बसवलं, तेव्हापासून रोज तेच. "अंडं फोडून थेट उकळत्या पाण्यात सोडतात, तरी अख्खं! तुमच्या घरी नाही जमायचं, नाना."

मी परसातल्या चुलीवर पाणी उकळून अंडं फोडलं. त्याच्या चिंध्या झाल्या. बायको हसली. "पानीमधलं अंडं आजारी मानूसले द्या," म्हणाली, आणि तिने अंडं आधी वाटीत फोडून मंद आचेवरच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात अलगद सोडलं. अख्खं राहिलं!

वामनरावांची जिरवायला मी त्यांना जेवायला बोलावलं. ते घाम पुसत दोनदा रस्सा मागून जेवले आणि कृती विचारून गेले. पुढच्या आठवड्यात तोच रस्सा साहेबांच्या टेबलावर गेला, वामनरावांच्या नावाने. साहेब खूश झाले म्हणे. मला अन्न गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं पोट बिघडलं. तेव्हा कुठे वामनराव कचेरीभर सांगत सुटले, "रस्सा मूळचा नानांच्या घरचा, बरं का!"