उठताना लागणारा हात

मानाच्या जागी बसलेले अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, मालक झालेला माझा मुलगा, व्यवस्थापक सूनबाई, सुतारमंडळी आणि जेवणाच्या आशेने थांबलेले समस्त सज्जन,

शाळा मी जेमतेम पाहिली, तेव्हा जसं येईल तसं बोलते.

आपला कारखाना म्हणजे तेव्हा एक पत्र्याची शेड. रंध्याची खरखर, सरसाचा वास, आणि आमचे हे अंगावरचा भुसा घरभर सांडत यायचे. पुढे त्यांनाच स्वतः केलेल्या खुर्चीतून उठता येईना. मुलाचा हात धरावा लागे. त्या लाजेने ते बाहेरच्या खोलीत बसेनासेच झाले.

ते गेल्यावर सूनबाईने धोरण ठरवलं: म्हाताऱ्या माणसांना आपलं आपण उठता येईल अशाच खुर्च्या करायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, भिंतीवर पाटी लागली. आणि मोजत काय होतो? दिवसाला किती खुर्च्या बाहेर पडल्या ते! मग त्या पाटीला कोण विचारतो?

शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, उद्यापासून प्रत्येक नव्या नमुन्यात तुम्ही बसायचं. खुर्चीच्या हातांवर रेला, पण उठायला माणसाचा हात लागला तर खुर्ची परत."

थोरले सुतार वैतागायचे. "आजी, जरा जोर लावा की."

"जोर लावायचा तर खुर्चीत कशाला, तुझ्या उरावर बसेन."

मग पुटपुटत बैठक उंच करायचे. ती भांडणं आता फार आठवतात.

पण ऑपरेशन करून माझे गुडघे बदलले. आता कशातूनही टुणकन उठते. त्यामुळे एक खोलगट खुर्ची पास झाली, आणि कुणाचे तरी वडील, मुलगी कामावरून येईपर्यंत तीत अडकून राहिले. म्हणून या कामातून आजचा हा निरोप मीच मागून घेतला.

मुलगा म्हणतो, आता नुसता खप मोजू. अरे, खुर्ची विकत घेतो मुलगा, तीत अडकतो बाप. खप तुला काय सांगणार?

माझ्या जागी विहीणबाईंना घ्या. गुडघे अगदी हवे तसे वाईट. पंचाईत एवढीच, की स्वभाव गोड. दगडावर बसवलंत तरी "छान आहे हो" म्हणतील. तेव्हा सुतारांनो, त्यांना विचारू नका. उठताना त्यांचा हात कोणाला शोधतो का, तेवढं बघा. शोधलं, की खुर्ची परत. मालक खवळला तरी परत.

एवढं ऐकून घेतलंत, उपकार झाले. कोणाला टोचलं असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

विहीणबाई, तुमच्याखाली आहे तो नवाच नमुना आहे. उठा बघू. हात कोणी देऊ नका.