चारशे किलोमीटर आणि अकरा वर्षं

सन्माननीय अध्यक्ष पिर्क्को वान्हाला, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आर्वो हुहताला, त्यांच्या पत्नी हेल्वी, आणि केककडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

चौतीस वर्षं आर्वोंनी आपल्या विमानांसाठी वारा, धुकं, इंधन यांचं गणित मांडलं. या काळात ते बोलले किती? माझं आजचं भाषणच त्याहून लांब व्हायचं. हसू नका हेल्वी, घरचं तुम्हालाच ठाऊक!

मी तिकीट खिडकीवरची. हेलसिंकी ते स्टॉकहोम किती लांब, हे मी झोपेतही सांगेन. चारशे किलोमीटर, एक तास. तिथलं घड्याळ तासभर मागे, म्हणजे इथून आठला निघा, तिथे आठलाच उतरा. मग मला सांगा, वडिलांच्या अंत्यविधीला स्टॉकहोमचा थोरला भाऊ आलाच नाही, तर बहिणीला काय वाटावं?

संध्याकाळी कालेवीचा फोन आला. "इर्मे, ऐक तरी..."

"तासाभराची वाट, दादा! तेवढीही झाली नाही तुझ्याच्यानं?" असं म्हणून मी फोन आपटला. पुढे अकरा वर्षं त्याचा एकही फोन घेतला नाही.

गेल्या वर्षी वहिनीचं पत्र आलं, कालेवी फार आजारी आहे. कॉफी पिताना मी आर्वोंना सगळं सांगून मोकळी झाले. वाटलं, नेहमीसारखी मान हलवतील. त्यांनी विचारलं, "तारीख?"

"नऊ नोव्हेंबर."

कॉफी तशीच टाकून ते उठले आणि एक जुनी वही घेऊन आले. रोजचं हवामान ते हाताने लिहून ठेवतात. आपण त्यावरून त्यांची किती टिंगल केली, आठवतंय ना?

"त्या सकाळी इथे दाट धुकं होतं," ते म्हणाले. "स्टॉकहोमचं विमान अर्ध्या वाटेवरून माघारी गेलं. मीच पाठवलं. दुपारपर्यंत दुसरं सुटलं नाही. तुझा भाऊ त्यात होता का, मला माहीत नाही. जाऊन विचार."

अंत्यविधी इथून दूर, आमच्या गावी, कुओपियोला होता; स्टॉकहोमहून यायचं तर इथेच उतरून पुढे जावं लागतं. तिथे लख्ख ऊन होतं. पण नंतर कामावर आल्यावर, इथेच तिकिटं विकत असूनही मी, त्या दिवशी विमान आलं का, एवढं कुणाला विचारलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

मी स्टॉकहोमला गेले. कालेवी अंथरुणातूनच म्हणाला, "होतो ना त्या विमानात. खिडकीशी बसलो होतो, काळा सूट घालून." मी रडत माफी मागायला लागले, तर म्हणतो, "आधी कॉफी घे, गार होतेय."

त्यानंतर तो चार महिने होता. मी सतरा शनिवार गेले. आर्वो, तुम्ही म्हणाल, मी नुसती वही उघडली. पण ते सतरा शनिवार मला तुमच्यामुळे मिळाले. मी तुमची फार ऋणी आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल, तर माफ करा. आणि नसेलच करता येत, तर आजच्या आज माझ्याशी भांडा. मी इथेच आहे.