स्वल्प सरका

एकोणसाठ साली चिकपेटेतल्या एका दवाखान्यात नंबरची वाट पाहताना ऐकलेलं. बाकावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या, त्यांच्यापुढे एक तरुण बाई उभी होती.

"ठकुबाई, आपल्या मराठी मंडळात पुन्हा दिसला नाहीत."

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आले होते की, हेमलता."

"मग नंतर? यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी पुणं सुटलं. मंडळ होतं म्हणून मी इथं रमले."

"आमची चौथी पिढी इथली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. वाटलं, एकदा बाहेरही आपली भाषा बोलून यावं."

"बरं केलंत."

"सतरंजीवर दाटी होती. मी म्हटलं, स्वल्प सरका. सगळ्या हसल्या."

"थोडं सरका म्हणायचं, त्यात कन्नड आलं म्हणून हसल्या असतील. मनावर कशाला घ्यायचं?"

"हसण्याचं काही नाही गं. एकीनं तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, तुम्ही मराठी छान शिकलात हं."

"अगबाई. कोण ती?"

"तूच की."

आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. दोघींपैकी कुणाचंच नव्हतं.

"ठकूअक्का, स्वल्प सरका. मला बसू द्या."